अठरा

दुपारच्या ड्युटीत
सगळ्याच बायका मिनिटाला अठरा श्वास घेतात.
बेड एक अठरा, बेड दोन अठरा,
बेड सहाची तेव्हा संडासात होती,
तिचेही अठरा.

अठरापगड बायका या वॉर्डात,
बहुतेकींच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य,
आणि श्वासाच्या रकान्यातही तोच आकडा,
निळ्या शाईत, एका ओळीत, सुवाच्य.

मी कुणाला बोलत नाही.
दोन वर्षांपूर्वी हे अक्षर माझं होतं.

बेड तीन. अंबिका धोत्रे, सातवा महिना.
दिघ्याच्या खाणीकडून सासूबरोबर रिक्षाने आली.
तक्रार : थंडी वाजते.
सासू म्हणाली, ताप नाही ओ सिस्टर, हात लावून बघा, गार आहे.
थर्मामीटर सासूच्याच बाजूने : शहाण्णव.
दिवस गेलेत, व्हायचंच असं.

दिवस गेलेत म्हणतो आपण.
इथे तास जातात.

मी तिचं मनगट धरून बसले,
नाडी बघतेय असं तिला वाटावं म्हणून.
श्वास मोजतंय कुणी हे कळलं
की माणूस श्वाससुद्धा नीटनेटका घेतो.
नजर मात्र पदरावरच्या जांभळ्या चौकटीवर,
वर, खाली, वर.
खिडकीतून रबाळ्याचा केमिकलचा वास,
बेलापूर रोडवर ट्रेलरचा ब्रेक,
सुलभामावशी दारातून, सिस्टर, लिनन रूमची किल्ली?
अर्ध्या मिनिटावर थांबून दुप्पट करायचा मोह.
नाही थांबले.

अठ्ठावीस.

मग बाकीचं आपोआप बोलायला लागलं.
नाडी एकशे सव्वीस, वरचं प्रेशर नव्वद,
नख दाबलं तर गुलाबी रंग परतायला कंटाळतोय,
लघवी सकाळपासून एकदा, कोऱ्या चहासारखी.
कंबर दुखते का गं?
चार दिवस.
सांगितलं नाहीस?
ती हसली, ओठ सुकलेले.
दगड उचलणाऱ्या बाईला
कंबरेचं कोण विचारतं.

दोन चाळीसला डॉक्टर तडवींना फोन.
ताप किती?
नाही.
मग?
श्वास अठ्ठावीस.
पलीकडे पंख्याचा आवाज.
कोणी मोजले?
मी. पूर्ण मिनिट.

ते आले तेव्हा शर्टाचं बटण एक घर चुकलेलं.
रक्त घेतलं, सलाईन धावती सोडली,
तीन वाजून पाच मिनिटांनी पहिलं अँटिबायोटिक.
पोटावर डॉपलर ठेवला :
आतलं आईहूनही जोरात पळत होतं.
अ‍ॅम्ब्युलन्सचं दार लागताना सासू मला म्हणाली,
पण ताप तर नव्हता.

घणसोलीच्या हर्षाली केणीलाही नव्हता.
तिचे रात्री दहाला अठरा,
दोनला अठरा,
सहाला अठरा.
सहाला मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.
पुढे समितीसमोर फाईल गेली.
त्यांनी ते पान वाचलं, उलटलं.
मला कुणी काही विचारलं नाही.
आकडा नॉर्मल होता.

आता साडेसात. वाशीहून फोन नाही.
सकाळची नवी मुलगी चार्ट भरतेय,
केस ओले, पेन भराभर.
बेड एक. बेड दोन.
बेड तीनची चादरसुद्धा अजून बदललेली नाही,
तिथे तिने सवयीने एक काढला

आणि आठ काढायच्या आत
मी तिचा हात धरला.