ठसका

नंदुरबारात मिरचीच्या पथारीपासून
माझं केंद्र वीस पावलांवर.
एक टेबल, लॅपटॉप, काडेपेटीएवढं यंत्र,
काचेखाली लाल उजेड.
गल्लीतले सगळे अंगठे मी हातात धरलेत.
लग्न न झालेला मी,
इतक्या बायकांची बोटं धरून काचेवर दाबलीत
की कुणाला आता त्याचं काही वाटत नाही.
मलाही वाटायचं थांबलं.

कौतिकबाई माळी शनिवारी येते, मजुरी जमा झाल्यावर.
देठ खुडून खुडून तिचा अंगठा
पुसलेल्या पाटीसारखा.
उजवा. डावा. मग तर्जनी.
पदराला पुसून, थुंकी लावून.
'जोरात दाबा,' मी म्हणतो. मग म्हणतो, 'हळू.'
पडद्यावर तेच: ठसा जुळत नाही.
'मना आंगठा मनाच शे ना रे भाऊ?'
ती विचारते, आणि खरंच
उलटसुलट करून बघते.

मग डोळ्याचं यंत्र.
'इकडे बघा मावशी, पापणी नका हलवू.'
'इतला वखत ते मी
घरधनीलेबी डोया दखाडा नही.'
रांग हसली.
जुळला.

आणि यंत्र बोललं, शहरातल्या बाईच्या आवाजात,
स्वच्छ, दाराबाहेरपर्यंत:
आपल्या खात्यात शिल्लक
अकरा हजार चारशे साठ रुपये.

बाकड्यावर तिचा दीर तंबाखू मळत होता.
अंगठा तळहातावर होता तिथंच राहिला.
सुरतेत मुलाच्या फोनवरही
आत्ता हाच आकडा वाजला असेल;
नंबर त्याचा जोडलेला,
जोडून मीच दिलेला, फॉर्मचे वीस रुपये घेऊन.

पाचशे काढले तिनं. मोजले नाहीत.
आधी पैसे मिरचीच्या पोत्यात असायचे,
पार तळाशी, ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
'तठे कोनी हात घालत नही.'
आणि गेली. दीर उठून मागोमाग.

रात्री मी आवाजाचं बटण शोधत बसलो.
सापडलं. तीन वर्षं तिथंच होतं,
माझ्या करंगळीखाली.

मग काच पुसली.
दिवसभराचे अंगठे एकावर एक बसून
नुसता एक तेलकट डाग, कुणाचाच नाही असा.
आणि विसरून
त्याच बोटानं डोळा चोळला.

बराच वेळ
मला माझं दुकान दिसत नव्हतं.