पर्याय तीन

घरत सर म्हणाले, ही परीक्षा पाठांतराची नाही,
डोक्याची आहे.
मी म्हटलं, मग फी कशाची घेता?
ते हसले. पन्नास रुपये कमी केले.

तेव्हापासून तुर्भे स्टोअरच्या आमच्या खोलीत
आकृत्या राहायला आल्या.
एका पायावर उभे बाण,
पोटात ठिपका घेऊन कुशीवर वळणारे चौकोन.
गटात न बसणारी ओळखा.
श्रावस्ती पेन्सिल चावत ओळखायची,
मी साडीला फॉल लावता लावता.
उमैमा भिंतीला टेकून मोठ्यानं सेकंद मोजायची.
दोघींत घड्याळ एकच, आमच्या ह्यांचं, पट्टा तुटलेलं.
आणि अख्ख्या जिल्ह्याला मिळून जागा ऐंशी.

एक प्रश्न मात्र अडला.
कागद दोनदा दुमडला, कोपऱ्याजवळ भोक पाडलं,
उलगडल्यावर कसा दिसेल?
सर फळ्यावर काढून काढून थकले होते.
मी समोरचं अस्तर उचललं,
घडी घातली, घडीवर घडी,
कात्रीच्या टोकानं एकदाच टोचलं.
उलगडलं. चार.
अस्तर गिऱ्हाइकाचं होतं, दुसरं आणून द्यावं लागलं.

"तुला कसं गं येतं?"
सातवी नापास बाईला कसं येतं!
वीस वर्षं गळे कापतेय, पोरी.
आपण अर्धाच कापायचा असतो,
उरलेला अर्धा घडी कापून देते.

परीक्षा नेरूळला होती.
गेट बंद झाल्यावर आम्ही आया
कंपाउंडच्या सावलीबरोबर सरकत राहिलो.
गाडीतून आलेली एक बाई म्हणाली,
"हॉस्टेलची शाळा आहे ना, राहील का हो तुमची?"
तोवर मी फक्त परीक्षेचाच विचार केला होता.
वेणी कोण घालेल, ते तेव्हा डोक्यात आलं.
रात्री ताप आला तर कुणाला हाक मारेल.
गेट उघडेपर्यंत मी मनात दोन गोष्टी मागितल्या
आणि दोन्ही एकमेकींच्या उलट होत्या.

यादी रेहानाभाभींच्या मोबाइलवर आली.
त्यांनी बोटानं वर सरकवली, खाली सरकवली,
पुन्हा पहिल्यापासून.
उमैमा होती.
श्रावस्ती "अभिनंदन" म्हणाली, स्टेजवर म्हणतात तसं,
आणि कळशी घेऊन नळावर गेली.
नळाला पाणी यायला अजून तास होता.

त्या रात्री ती माझ्याकडे तोंड करून झोपली,
तिचा गुडघा माझ्या पोटाला टेकलेला,
आणि मला बरं वाटलं.
हे मी कुणाला सांगणार नाही.
घरत सर दुसऱ्या दिवशी म्हणाले, तीन-चार मार्कांनी गेलं असेल.
मी म्हटलं, हो ना.

मग रेहानाभाभी आल्या, दोन पांढऱ्या चादरी घेऊन.
शाळेनं सांगितलं होतं, प्रत्येक चादरीवर नाव हवं.
दारातच उभ्या. बसा म्हटलं तरी बसेनात.
शिलाई आधीच मुठीत धरलेली.
मी पैसे घेतले.
घेतले नसते तर त्यांना जास्त लागलं असतं.

लाल दोरा ओवला.
चादर ताणून धरायला समोर श्रावस्ती बसली,
अंगठ्यांनी कोपरा घट्ट धरून.
मी उ काढला, मै काढला,
मा ची काना ओढत होते.
तिच्या बाजूनं नुसत्या गाठी
आणि पाठमोरी अक्षरं.
ती बराच वेळ बघत राहिली.

"आरशातली प्रतिमा," ती म्हणाली.
"पर्याय तीन."

मग जरा वाकून:
"ही गाठ सैल आहे, आई.
तिकडे गेल्यावर सुटेल."