परत आलेलं पाकीट

टोलेडोच्या कोर्टात एकतीस वर्षं
मी शिक्के मारले.
तळघरात, जिथे हीटरचा पाइप
म्हाताऱ्यासारखा खाकरायचा.

कर थकला की घर लिलावात जातं.
काउंटी आपले पैसे काढून घेते,
वर उरतात ते कोर्टात पडून राहतात
घरवाल्याच्या नावानं.
कायदा म्हणतो, त्याला कळवा.
आम्ही कळवायचो.
त्याच घराच्या पत्त्यावर,
जिथून त्याला बाहेर काढलेलं असायचं.

पाकीट परत यायचं.
मी शिक्का मारायचे: पत्त्यावर राहत नाहीत.
मग कॉफी प्यायचे.

निवृत्त झाल्यावर बायका रजया शिवतात.
मी यादी घेऊन बसले.
एका नावापुढची तारीख माझ्या अक्षरात होती:
ओडेल गेदर.
नऊ हजार तीनशे बारा डॉलर, सत्तेचाळीस सेंट.
बारा वर्षं.

ओडेल नव्हतीच आता. तिची लेक रोझेटा
एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत सापडली.
दाराची साखळी न काढता म्हणाली,
"तुमचा हिस्सा किती?"
"काही नाही."
"मग तर दार उघडायलाच नको."

चुकलं नव्हतं तिचं.
माझ्याआधी दोघं येऊन गेले होते,
तिसरा हिस्सा मागणारे, कोऱ्या कागदावर सही मागणारे.
मागणाऱ्याचा निदान हिशेब कळतो.

मी कागद फटीतून आत सरकवला.
तिने तो खिडकीशी नेला, उजेडात धरला.
पुढे कधीतरी बोलली:
आई काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायची,
दिव्यासमोर एकेक,
केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही.

चार खेपा झाल्या.
मृत्यूचा दाखला.
जन्माचा दाखला, ज्यात गेदरचं गॅदर झालेलं,
म्हणून शपथपत्र,
शपथपत्रावर साक्षीदार, साक्षीदाराचं ओळखपत्र.
आणि भाऊ, ऑल्टन,
जो ट्रक घेऊन मेम्फिसकडे गेला
आणि ज्याचा नंबर आता
कुणा दातांच्या डॉक्टरकडे लागतो.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, अर्धे हिचे.
अर्धे त्याचे, ते इथेच राहतील.
एक सेंट विषम होता.
तो त्यांनी ऑल्टनच्या बाजूला टाकला.
रोझेटा पहिल्यांदा हसली.
"चला, त्याला एक तरी
कायमचा पत्ता मिळाला."

चेक तिच्या हातात पडला तेव्हा
मी सांगून टाकलं.
खरं तर सांगायचं नव्हतं.
ते पाकीट परत आलं, तेव्हा शिक्का मी मारला होता.
ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.
बाकावर आमच्यामध्ये तिची पर्स होती,
ती तिने उचलून मांडीवर घेतली.

"आहे अजून ते?"
आहे. फाइलमध्ये. कुणी उघडलेलं नाही.
"मला हवंय."

मूळ देत नाहीत. झेरॉक्स मिळते,
पानाला एक डॉलर.
पुढून एक, मागून एक.
काउंटरवरच्या नव्या पोराने दोन डॉलर घेतले,
पावतीसाठी पत्ता विचारला.
रोझेटाने सांगितला,
एकेक अक्षर सुटं करून.
मग पेन्सिल त्याच्याकडून मागून घेतली
आणि तो स्वतः लिहिला.