टेक

लोहामंडीत माझं गोदाम आहे. सेंट्रिंगच्या प्लेटा,
बल्ल्या, जॅक, सगळं भाड्यानं.
इंदूरचे निम्मे स्लॅब ओले असताना
माझ्या लोखंडावर झोपलेत, असं मी पाहुण्यांना सांगतो.
(पाव म्हणा.)

तिल्लोरला गेलो तो धंद्यासाठीच.
बुळ्यांची रेवती इजिप्तहून परतली होती
आणि गावाच्या वाचनालयाला कमानीचं छत घालत होती.
मी दर ठरवूनच गेलो.
ती म्हणाली, काका, प्लेटा नकोत.
बल्ल्या? त्याही नकोत.
अस्वानच्या बाजूला, म्हणाली, लाकूड कधी फारसं नव्हतंच,
म्हणून माणसं छत हवेतच बांधायला शिकली.
आता काचेच्या इमारतींना कंटाळलेली तिकडची पोरं
शाळा बांधायची म्हटली की
म्हाताऱ्या गवंड्यांच्या मागे हिंडतात.

मी चहा घेतला. पडेल तेव्हा बघू, म्हटलं. मनात.

माळव्याची काळी माती कापसाची, भिंतीची नव्हे.
पावसात फुगते, वैशाखात तडकते.
तिकडे नाईलचा गाळ. इकडे रेवतीनं
दोन हात खाली जाऊन पिवळा मुरूम काढला,
गव्हाचा भुसा कालवला, आठ दिवस आंबू दिला.
वास असा, की म्हशीसुद्धा वळसा घालून जात.
ओल्या विटेवर तीन बोटं तिरकी ओढायची,
मग चिखल चिखलाला धरतो.
गेंदालाल मिस्त्री म्हणाला, भिया,
ही तर माझ्या आईच्या गोवऱ्यांवरची बोटं.

पहिली कमान रात्री पडली.
आवाज झाला नाही म्हणे. पोतं खाली ठेवावं तशी.
सकाळी मी होतोच तिथं.
मुद्दाम नाही, त्या बाजूला काम होतं.
रेवती ढिगावर बसून फोन लावत होती.
पडद्यावर पांढऱ्या पागोट्यातला म्हातारा,
उस्ता इद्रिस. तिकडे कसबी कारागिराला उस्ता म्हणतात.
उस्तादच की, म्हणत गेंदालालनं हात जोडले.
रेवती दुभाषी व्हायला गेली, दोघांनी तिला गप्प केलं.
गेंदालालनं तळहात धरला, उभा, ताठ:
असे थर लावले.
म्हाताऱ्यानं मान हलवली.
आपला तळहात उभा केला आणि जरासा मागे कलवला,
दमलेला माणूस भिंतीला पाठ टेकतो, तसा.
मग दुसरा तळहात पहिल्याला टेकवला.
तेवढ्यात रेंज गेली.

दुसऱ्यांदा बांधताना साखळी नको म्हणाला गेंदालाल.
रेवतीनं साखळी टांगून, कागद उलटा करून
कमानीचा आकार काढून दिला होता, तो घडी करून खिशात टाकला
आणि मागच्या भिंतीवर ओल्या चिखलाची रेघ ओढली,
एका दमात, नजरेनं.
पहिला थर भिंतीला कलता.
दुसरा पहिल्याला.
खाली काही नव्हतं. हवा होती.
मी जाऊन त्या हवेत उभा राहिलो, का ते माहीत नाही.
माथ्यावरची वीट ठेवून त्यानं हात काढला.
मी मान खांद्यात ओढली.
वीट राहिली.

पुस्तकं अजून आलेली नाहीत.
छतावर पश्चिमेला तोंड करून एक वाऱ्याचं धुराडं आहे,
तिकडे त्याला मल्कफ म्हणतात.
संध्याकाळी माळव्याचा वारा त्यातून खाली उतरतो,
खालच्या माठाला शिवतो,
आणि माठाशेजारी गेंदालाल झोपलेला असतो,
वाचनालय आपल्याच नावावर असल्यासारखा.

धंद्याचं म्हणाल तर ठीक आहे.
इंदूरला स्लॅब काही कमी पडत नाहीत.
परवा दुपारी गोदामाचं शटर वर केलं,
ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलं.
प्लेटा होत्या. पहिली भिंतीला कलती,
दुसरी पहिलीला,
तिसरी दुसरीला,
तीस वर्षं मीच लावत आलोय, तशा.