जंक्शन

लोकोशेडच्या भंगारात तीन रुपयांना मिळालेली डिक्शनरी
बारा वर्षं आमच्या शिलाई मशीनच्या
लंगड्या पायाखाली होती.
पहिल्या पानावर कुण्या डिसोझा ड्रायव्हरची सही
आणि चहाच्या कपाचा गोल, सहीपेक्षा ठळक.

मशीन विकलं तशी ती मोकळी झाली.
अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता,
जळगावहून ऑपरेशनची तारीख यायची होती,
म्हणून रात्री जेवणं झाली की मी वाचायची,
अर्थ नंतर, आधी मूळ.
अण्णांना मुळांचाच नाद.
चाळीस वर्षं फिटर. कुठलाही नट कुठून निघाला ते आधी बघायचे.

अण्णा, चोपड्याला सरकी काढतात ती जिन
आणि तुमचं इंजन, एकाच आईची लेकरं.
एक कापसात वाढलं, एक कोळशात.
"आन् आई कोन?"
लॅटिन. अर्थ, उपजत अक्कल.
"मंग आमच्या फोरमनले काहून नव्हती?"

विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा.
आपल्या गवाक्षात गाईचा.
मे महिना, खिडकी सताड,
शेडवरून येणारी हवासुद्धा तव्यावरची.
"गाय काय अन् वारा काय," अण्णा म्हणाले,
"दोघं बी सावलीत बसेल हायेत."

एका रात्री एममध्ये मुंगूस निघालं.
मी दोनदा वाचलं.
मूळ : मराठी.
पोर्तुगीज गलबतातून गेलं असावं,
वाटेत शेपटाला एक हंस चिकटला
(त्यांच्या गूसचा याच्याशी काही संबंध नाही),
बाकी चाल तीच, नाक तेच.
अण्णा खाटेवर उठून बसले.
एवढ्या जाड ठोकळ्यात
पहिल्यांदाच कुणी ओळखीचं भेटलं होतं.
"कोनत्या गावचं म्हनते ते?"
गाव नाही दिलेलं.
"देईन कसं. ते काय पत्ता ठिऊन जाते?"

नंतर मी जीकडे का वळले, सांगता येणार नाही.
डॉटरला मूळ आहे, लांबलचक,
आपल्या दुहितेला जाऊन भिडणारं,
धार काढणारी म्हणे.
गर्लपुढे दोनच शब्द.
मूळ अनिश्चित.

ते मी मोठ्यानं वाचलं नाही.
पण पानाचा आवाज थांबला
की कमी दिसणाऱ्याला लवकर कळतं.

फलाट नंबर तीन, पाण्याच्या नळामागे,
चौकड्याचं झबलं.
तिकीट कुठलं होतं कुणास ठाऊक,
झबल्याला खिसा नसतो.
एवढंच मला माहीत आहे, आणि तेही
शेजारच्या सुमनमावशीच्या तोंडून,
एकदा रागात आणि एकदा रडत.
घरात कुणी काढलं नाही, मी विचारलं नाही.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
पोरीचंही नसावं विचारायचं.
शाळेच्या दाखल्यावर तेवढं होतं,
हेमलता त्र्यंबक झांबरे,
जन्मगाव भुसावळ जं.
मुली हसायच्या. गावाला कुणी जंक्शन लावतं का!

"काय निंघालं?"
काही नाही, अण्णा.
बराच वेळ पंखाच बोलत होता.
मग ते म्हणाले, "जंक्शन पाय बरं."

जोडणं. सांधणं. लॅटिन.
आणि त्याच्याही मागं एक जुनं मूळ,
त्यातूनच आपला योग,
त्यातूनच जू, बैलाच्या मानेवरचं.

त्यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला,
जिथं कधी जू नव्हतं,
शेत तर त्यांच्या बापानंच विकलेलं.
"म्हनजे," ते हळूच म्हणाले,
"तुह्या दाखल्यावर बराबरच लिव्हलं मी."

यार्डात शंटिंग चाललेलं.
एक डबा दुसऱ्याला लागला,
भांड्यांच्या फळीवरचा तांब्या किणकिणला,
नेहमीसारखाच.
मी जेचं पान दुमडलं.
"झोप आता," अण्णा कूस वळवत म्हणाले.
"उद्या के."