सिंकच्या जागेचा तुकडा

साकीनाक्याच्या गल्लीत लाद्या उभ्या असतात
एकमेकींना टेकून, पेन्शनच्या रांगेसारख्या.
केतकीने एकीवर बोट ठेवलं.
काळ्यात राखाडी, मध्येच गुलाबी शीर.
"ग्रॅनाइट आहे, मॅडम. हळद धरत नाही,
लिंबाला भीत नाही. तापलेली कढई ठेवा खुशाल."

मी बोललो नाही.
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
खडक पुसले, चिठ्ठ्या डकवल्या.
दुसरं कपाट, खालून तिसरा खण:
पट्टिताश्म. इंग्रजीत नाइस.
दाभाडकर सर ते नाव घेत
आणि पोरं दरवर्षी त्याच जागी हसत.

हा ग्रॅनाइट होता, कधीकाळी.
मग वर डोंगर आला, खालून ताप.
वितळू दिलं नाही, होता तसा राहूही दिलं नाही.
तेव्हा कणन्‌कण कुशीवर वळला
आणि जिकडून दाब आला तिकडे पाठ करून निजला.
त्या निजण्याच्या या रेघा.

हे दुकानदाराला कशाला सांगा?
भाव चौरस फुटावर असतो.
मुंबईचा आपला दगड काळा, एकदा उकळून निवालेला,
हा दक्षिणेकडून ट्रकने आला,
चौथ्या मजल्यावर चौघांच्या खांद्यांवरून चढला.

इस्राफीलने जिन्यातच कटर लावला.
पापण्या पांढऱ्या, तोंडाला गमछा.
"पाणी मारत काप रे," मी म्हटलं,
"ही धूळ छातीतून परत निघत नाही."
"पाणी सकाळी पाऊण तास येतं, काका,"
तो म्हणाला, आणि खोकून घेतलं
कामात खंड न पाडता.

ओटा बसला. केतकी त्यावर कणीक मळते,
नारळ फोडते, मोबाइल ठेवून रडतेही कधी.
दगड काहीच शोषत नाही,
दुकानदार खोटं बोलला नव्हता.

सिंकसाठी कापलेला मधला चौकोन
भंगारात निघाला होता, मी ठेवून घेतला.
वॉशिंग मशीन चालायला लागायचं,
आता त्याच्यावर उभं असतं.
खालच्या अंगाला जुन्या सवयीने चिठ्ठी डकवली.
नाव: पट्टिताश्म.
प्राप्तिस्थान: सिंकची जागा.
कापणारा: इस्राफील. (असा रकाना नसतो. मी आखला.)
उपयोग:
तिथे पेन टेकवलं तेवढ्यात मशीन घुमायला लागलं,
अक्षर हललं,
ते तसंच आहे.