तीन, मोजून

पहाटे बाबांनी सॅकच्या तळातून दोर काढला,
मोज्यांखालून, पावाच्या चुऱ्यातून,
झटकला, आणि गोराझ्दच्या हातात दिला.
"तीन. मोजून. हलके नकोत."

बाबा सतरा वेळा त्रिग्लाववर जाऊन आलेले.
आता गुडघे म्हणतात, निवाऱ्यापर्यंत ठीक,
पुढचं तुमचं तुम्ही बघा.
आई एकदाही नाही.
दर ऑगस्टला क्र्माच्या खोऱ्यातून
सगळ्यांच्या सॅक तिने भरायच्या,
जड ते आपल्या पाठीवर घ्यायचं,
आणि निवाऱ्याच्या बाकावर थांबायचं.
कधी गोराझ्द पोटात,
कधी मी अंगावर,
कधी कुणाच्या टाचेला फोड, कुणाला ताप,
एकदा तर नुसताच शेजाऱ्यांचा कुत्रा.

आमच्याकडे म्हणतात,
त्रिग्लाव चढला नाही तो इथला नव्हेच.
"मग मी कुठली?" आई विचारायची
जवाचं सूप ढवळत.
बाबा म्हणायचे, मीठ कमी आहे.

यंदा तिला चौसष्टावं लागलं.
कुणाला न विचारता तिने बूट घेतले,
महिनाभर ते घालून जिना चढली-उतरली,
भाजी चिरतानासुद्धा पायात तेच.

तर कड्याला धरून आम्ही चौघं:
पुढे गोराझ्द, मागे त्याची झाला, नऊ वर्षांची,
मग आई, मग मी.
लोखंडी तार थंड, हजारो तळव्यांनी गुळगुळीत झालेली.
दोन्हीकडे काहीच नाही.
पिवळ्या चोचीचे काळे पक्षी त्या काहीच-नाहीवर
आरामात बसल्यासारखे.
माझ्या पोटात गोळा.
आई खुंटीवर पाय ठेवायची आणि पुटपुटायची,
मला वाटलं प्रार्थना.
जवळ गेले तर ऐकू आलं,
"गॅस बंद केला. खिडकी लावली. गॅस बंद केला."

माथ्यावर पत्र्याचा मनोरा,
करडा, बुटका,
चार माणसं आत शिरली तर पाचव्याने भिजावं.
पहिल्यांदा आलेल्याला तिथे दोराचे फटके बसतात,
रीतच आहे. मला सातव्या वर्षी बसले होते.
आई वाकली, हात गुडघ्यांवर,
पलंगाखाली काही शोधते आहे अशी.
मारिबोरची चार पोरं टाळ्यांसाठी हात जोडून उभी.

आणि गोराझ्दचा हात वर गेला तो वरच राहिला,
वाळत घातल्यासारखा.
बस चालवतो माझा भाऊ, रोज साठ माणसांवर ओरडतो.

"अरे," आई खालूनच म्हणाली,
"चौथीत असताना छत्रीने मारलं होतं तुला.
घे की फेडून."

एक.
दुसरा नुसता लागला न लागला.
"हा धरायचा नाही," आई म्हणाली. "पुन्हा."
दोन.
तिसरा झालाने मारला, जीव खाऊन,
आणि स्वतःच रडायला लागली.

आई सरळ झाली. कंबर चोळली.
कुठे बर्फाची शिखरं, कुठे समुद्राची रेघ,
आम्ही बोट करत होतो, तिला दाखवत होतो.
ती मात्र पाठ फिरवून
खालीच बघत होती, बराच वेळ,
हाताची सावली डोळ्यांवर.

संध्याकाळी निवाऱ्याच्या दारात बाबा,
लाल जाकीट, मांडीवर आमचे मोजे
ऊन सरकेल तसे सरकवत बसलेले.
त्यांनी सूप पुढे केलं.
"काय दिसलं?"

"हे दार," आई म्हणाली.
"बाकावर एक लाल ठिपका.
मी हात केला. तू बघत नव्हतास."

बाबांनी एक मोजा उलटा केला.
मग सुलटा.

"तू बघायचीस?"

"सतरा वेळा," आई म्हणाली,
आणि सूप चाखून मीठ मागितलं.